रुळाकडच्या आठ सऱ्या

दसरा तोंडावर आला की सांगलीच्या मंडईत ओल्या शेंगा येतात. अख्खे वेलच असतात ते. मुळाला माती तशीच, पानं मलूल झालेली आणि खाली शेंगांचा घोस. मी आधी वेल उचलते आणि हुंगते. भाजीवाली दर वर्षी तेच म्हणते, "बाई, शेंगा खायच्या असत्यात, हुंगायच्या नसत्यात." म्हणू दे. शाळेत एवढी पोरं मला हसतात, त्यात आणखी एक.

ओल्या मातीचा, कच्च्या शेंगेचा आणि थोडासा कडवट पाल्याचा तो वास नाकात गेला की मी मंडईत राहत नाही. आश्विनाचं ऊन पाठीवर चटकायला लागतं. हाताच्या नखात माती जाते. आणि मग त्याच वासात दुसरा एक वास मिसळतो, तापलेल्या लोखंडाचा. आमचं रान रुळाला लागून आहे. भुईमूग काढताना उन्हं वर आली की रूळ तापायचे आणि त्यांचा वास शेंगांत उतरायचा. बाकीच्या लोकांच्या आठवणीतल्या शेंगांना असा वास येत नसेल. आमच्या शेंगांना येतो, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या गावाचं नाव करंजओढा. स्टेशनचंही तेच. स्टेशन म्हणायचं ते आपलं मायेनं. एक खोली, एक बाकडं, पिवळी पाटी आणि करंजाचं झाड. पुणे-मिरज लाइनीवरच्या मोठ्या गाड्या तिथून जाताना शिट्टीसुद्धा वाजवायच्या नाहीत. थांबायची ती पॅसेंजर, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. तिकीट द्यायला रेल्वेचा बाबू नव्हता. गावातलेच तात्या पुठ्ठ्याची तिकिटं विकायचे. त्यांच्याकडं शिक्का होता, कंदील होता आणि घरी दोन शेरडं होती. शेरडं धारेला आली की तिकिटाची खिडकी उशिरा उघडायची. कुणी तक्रार केली नाही, कारण गाडीही उशिराच यायची.

हे स्टेशन कसं झालं याची गोष्ट माझे आजोबा सांगायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. छोट्या रुळांची मीटरगेज होती, तेव्हा म्हणे करंजाखाली उभं राहून पटका हलवला की डायव्हर गाडी हळू करायचा आणि माणसं उड्या मारून उतरायची. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत. पत्र्याची ट्रंक घेऊन चालत्या गाडीतून उडी मारायची म्हणजे गंमत नव्हे. एका सुभेदारांचा पाय मोडला. मग गावानं अर्ज केला, एक साहेब आला, बघून गेला, आणि गावानं स्वतः दगड वाहून फलाट बांधला. आबांच्या गोष्टीत अधूनमधून एक साहेब वाढायचा. आम्ही मोठे होईपर्यंत गोष्टीत तीन साहेब आणि एक गोरी मडम झाली होती. पण दगड खरे होते. फलाटाच्या कडेला एका दगडावर आमच्या घराची खूण होती, आबांनी छिन्नीनं काढलेली.

तर ते स्टेशन फौजी माणसांसाठी झालं होतं. माझे वडील, आण्णा, फौजेत हवालदार होते.

वर्षातून एकदा आण्णांची मोठी रजा असायची. लोक रजा घेतात गणपतीला, दिवाळीला, लग्नाला. आण्णा घ्यायचे भुईमूग काढायला. फौजेत रजेच्या अर्जावर कारण लिहावं लागतं, आणि त्या रकान्यात ते दर साली दोनच शब्द लिहायचे, भुईमूग काढणे. साहेबानं एकदा विचारलं म्हणे, अरे, असा किती भुईमूग आहे तुझा? आण्णा म्हणाले, आठ सऱ्या, साहेब. साहेब एवढा हसला की त्यानं हसत हसतच सही केली. ही गोष्ट आण्णा स्वतः सांगायचे आणि आम्ही पोरं गडबडा लोळायचो. आई मात्र तेव्हा उठून पाणी आणायला जायची.

आठ सऱ्याच का, तेही सांगते. आधी सगळ्या रानात भुईमूग असायचा. मग पाटाचं पाणी आलं आणि कडेगावापासून आमच्यापर्यंत ज्याला त्याला उसाचं वेड लागलं. आबांनी सगळ्या रानात ऊस लावायचं ठरवलं. आणि सासऱ्यासमोर कधी हूं की चूं न केलेली माझी आई उंबऱ्याच्या आतून म्हणाली, "रुळाकडच्या आठ सऱ्या सोडा. तिथं भुईमूगच राहू द्या."

आबांना आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे आलं असेल, पण सून बोलली हे पटलं नसेल.

"का गं?"

"इंजिनाची ठिणगी पडती. ऊस पेटंल."

कोळशाचं इंजिन होतं तेव्हा. ठिणग्या उडायच्या, हे खरं. आबांनी मान डोलावली. रुळाला लागून आठ सऱ्या भुईमुगाच्या आणि मागं सगळा ऊस, असं ठरलं. पण पुढं डिझेलचं इंजिन आलं. आता ठिणगी कसली? आबा म्हणाले, पुरा ऊस करू. आई म्हणाली, गाडीतली पोरं उतरून ऊस मोडत्यात. गाडी आमच्या रानात थांबत नव्हती हो. पोरं उतरणार कशी? तरी आबा गप्प बसले. आणखी काही वर्षांनी आईनं नवं कारण काढलं, रुळाच्या हादऱ्यानं उसाची मुळी धरत नाही. आता शेजारच्यांचा ऊस रुळाला चिकटून दोन पुरुष उंच उभा होता, त्याची मुळी बरी धरली होती! सगळा गाव हसायचा. आमच्या चुलतीनं तर त्याला नावच दिलं होतं, हट्टाची पट्टी. आबा म्हणायचे, "ह्या बाईचं डोस्कं फिरलंय." पण शेवटच्या वर्षी, खाटेवरून उठवत नव्हतं तेव्हा, नांगरणीला आलेल्या गड्याला त्यांनी हाक मारून सांगितलं होतं, "रुळाकडच्या आठ सऱ्या सोड रं." त्यांना काय कळलं होतं आणि काय नव्हतं, कुणास ठाऊक.

मलाही तो हट्टच वाटायचा. आईला ओल्या शेंगांची आवड, एवढाच मी अर्थ काढला होता.

आण्णांच्या निघण्याचा दिवस दसऱ्यानंतरचा. तो दिवस मला अजून नको वाटतो. सकाळीच घरात एक प्रकारची शिस्त यायची. ट्रंकेला दोरी आवळली जायची. चुलती आण्णांच्या हातावर दही ठेवायची. आण्णा देवाला येतो म्हणायचे, आबांना येतो म्हणायचे आणि मग चुलीच्या दिशेला, पण चुलीकडं न बघता, तिसऱ्यांदा येतो म्हणायचे. तो आईचा. आई पाठमोरी, भाकरी थापत. ती वळायची नाही. थोरामोठ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि स्टेशनवर जायचं ते गड्यांनी आणि पोरांनी. बाईमाणूस सोडायला जात नसे. गेली तर लोक म्हणणार, बघा, हिला सोसंना.

मी पोर असल्यामुळं स्टेशनवर जायचे. आण्णांचं बोट धरून, नवा फ्रॉक घालून, मोठ्या तोऱ्यात. गाडी यायची, ट्रंक चढायची, तात्या हात वर करायचे. आण्णा फलाटाच्या बाजूच्या दारातून हात हलवायचे आणि गाडी जरा पुढं गेली की आत नाहीसे व्हायचे. मला वाटायचं, जागा धरायला गेले असतील. रडू यायचं. परत आलो की घरात भाकरी झाकून ठेवलेली असायची आणि आई नसायची. वैरणीला गेली, असं चुलती सांगायची. थोड्या वेळानं आई पाटी भरून वेल घेऊन यायची. मी म्हणायचे, आण्णा गेले आणि तुला वैरण सुचते? सात-आठ वर्षांची होते मी. आता आठवलं की स्वतःच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

मी कॉलेजला जायला लागले ती त्याच सकाळच्या पॅसेंजरनं. थेट सांगलीपर्यंत. कॉलेजची पाच वर्षं आणि नंतर नोकरीची दोन, असं सात वर्षं मी अप-डाऊन केलं. पास, छत्री, डबा आणि शिवणाची पिशवी. पुढच्या स्टेशनवर माझ्या तिघी मैत्रिणी चढायच्या. त्यांची जागा धरायला मी फलाटाच्या बाजूच्या खिडकीत बसायचे आणि रुमाल टाकायचे. त्या रुमालावरून काय भांडणं व्हायची! एका मास्तरांनी एकदा रुमालासकट जागा घेतली आणि आम्ही चौघी त्यांच्याकडं एकटक बघत उभ्या राहिलो. बिचारे एक स्टेशन आधीच उतरले. त्या गाडीत मी स्वेटर विणले, परीक्षेचे प्रश्न पाठ केले, एका मुलाच्या मानेकडं बघत अख्खं एक सत्र घालवलं. सात वर्षांत केलं नाही ते एकच. दुसऱ्या बाजूला, पश्चिमेच्या खिडकीतून, आमच्या रानाकडं मी एकदाही बघितलं नाही. रोजचंच रान. त्यात काय बघायचं?

आण्णा पेन्शनीत आले, घरी राहिले, शेती केली. आणि सहा वर्षांपूर्वी एका दुपारी जेवण करून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी सांगलीत. लग्न, मुलं, शाळा, आता मुख्याध्यापकीण. गावाकडं जायचं ते एसटीनं नाहीतर मुलाच्या गाडीनं. करंजओढ्याला पॅसेंजर थांबते की नाही हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. अशी असते माणसाची जात.

यंदा गणपतीला गेले तर आई ओसरीवर बसून रानाकडं बघत होती. अठ्ठ्याहत्तरीची झाली आता. धाकट्या भावानं सांगितलं, रुळाशेजारी दुसरी लाइन पडतेय. आमच्या बाजूनं. खुणेचे दगड रोवून झालेत. मोबदला मिळाला, कागद झाले, सगळं रीतीनं झालं. भुईमूग निघाला की मशिनी येणार. जाणार किती? पट्टी. बरोब्बर रुळाकडच्या आठ सऱ्या.

"चला, सुटली एकदाची हट्टाची पट्टी," मी थट्टेनं म्हणाले.

आई हसली नाही. म्हणाली, "तू सात वर्सं त्या गाडीनं गेलीस."

"हो."

"मग मला एक सांग. गाडीतनं आपली पट्टी दिसती का? तिथं कुणी बाईमाणूस उभं असलं तर दिसतंय का?"

मला प्रश्नच कळला नाही. "कोण बाईमाणूस?"

"मी की."

मग तिनं सांगितलं. अगदी सरळ, शेंगा फोडता फोडता. आण्णा निघाले की ती मागच्या दारानं विळा आणि पाटी घेऊन रानात जायची. ऊस आश्विनात डोक्यावर गेलेला असतो, आत उभं राहिलेलं माणूस देवालासुद्धा दिसत नाही. म्हणून तिला आठ सऱ्या पाहिजे होत्या, बुटक्या पिकाच्या. भुईमुगात उभं राहिलं की माणूस पायापासून दिसतो. गाडी स्टेशनातून सुटली की शिट्टी ऐकू यायची. ती पाटी खाली ठेवायची, पदर नीट करायची आणि उभी राहायची. आण्णा फलाटाकडच्या दारातून आत जायचे ते जागा धरायला नव्हे, पलीकडच्या दारात यायला.

"हात हलवायचीस?"

"छ्या! लोक बघत्यात की गाडीतनं. नुसती उभी राहायची."

"आणि आण्णा?"

"तेच तर कळायचं न्हाई. सकाळची गाडी. ऊन गाडीच्या मागनं यायचं. गाडी नुसती काळी दिसायची. दारात चार-चार माणसं. त्यातलं कोणतं आपलं, कसं कळावं? गाडीची सावली अंगावरनं जायची, तेवढंच."

मी एक शेंग उचलली आणि न फोडताच परत ठेवली.

"पण त्यांना तू दिसायचीस?"

"पुढच्या साली रजेला आले की पहिल्या दिवशी सांगायचे. कुणी नसंल असं बघून हळूच. गेल्या साली दिसलीस गं." आईनं शेंगेचं टरफल फुंकलं. "पण खरंच दिसायची का, का माझं मन राखायला म्हणायचे? मला लय दिवसाची शंका हाय. आता पट्टी जाणार. मग कुणाला ईचारू? तू जाऊन बघ की एकदा. मी उभी राहती."

"इतकी वर्षं कधी विचारलं का नाहीस मला? मी रोज जायचे गाडीनं."

"तू कवा बघितलं न्हाईस," आई म्हणाली. रागानं नाही. "तू जायचीस तवा बी मी असायचीच की रानात. मला वाटायचं, एखादं दिवशी पोरगी खिडकीतनं हाक मारंल. तुझं ध्यान न्हवतं. असू दे. शिकायचं वय."

असू दे म्हणाली ती. मला त्या रात्री झोप आली नाही. सात वर्षं. रोज सकाळी. सुट्ट्या सोडल्या तरी किती सकाळी झाल्या, याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

दसरा झाला, तसा मी शनिवारी गावी गेले. सोमवारी सकाळी सव्वाआठच्या पॅसेंजरनं मी निघायचं, आईनं पट्टीत उभं राहायचं आणि सांगलीत पोचले की मी फोन करायचा, असं ठरलं. भावानं कपाळाला हात लावला. "तुमी दोघी डोक्यावर पडलाय." पण सकाळी त्यानंच आईची काठी शोधून दिली.

आईनं हिरवं लुगडं नेसलं होतं. मी म्हटलं, "अगं, हिरव्या रानात हिरवं लुगडं? लाल नेस की." तर म्हणाली, "तवा हिरवंच असायचं. बघायचं तर नीट बघायचं." निघताना मी येते म्हणाले आणि आई चुलीपाशी होती. आता चूल गॅसची आहे. तरी ती पाठमोरीच राहिली, आणि मला हसू आलं.

स्टेशनवर करंज आहे. तात्या नाहीत, त्यांची खिडकी आहे, पत्रा ठोकून बंद केलेली. एक फलाट उंच झालाय, नवा, आणि आमचे दगड त्याच्या बाजूला ढिगाऱ्यात. आबांच्या खुणेचा दगड मी शोधला, सापडला नाही. दुसरी लाइन झाल्यावर इथं गाडी थांबणार का, असं एका माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, बघू की. आमच्याकडं ज्याचं उत्तर नाही असतं त्याला बघू की म्हणतात.

गाडी आली. वेळेवर आली, हे मला अजिबात आवडलं नाही. मी चढले आणि सरळ पलीकडच्या दारात गेले. तिथं एक पोरगा कानात वायरी घालून उभा होता.

"बाळ, जरा सरक. मला शेत बघायचंय."

तो सरकला. मुख्याध्यापकिणीचा आवाज अशा वेळी उपयोगी पडतो. दांडीला धरून मी उभी राहिले, पन्नाशी उलटलेली बाई, एका हातात पर्स. गाडी हलली. विजेचं इंजिन हो, ते काय डिझेलसारखं धापा टाकत निघतंय? श्वास घेईपर्यंत वेग आला. शेजाऱ्यांचा ऊस दाराला घासून गेल्यासारखा भसाभस मागं पळायला लागला. विजेचे खांब सटासट मध्ये येत होते. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात सोडवेना. मी डोळे ताणून बघत होते, आता येईल, आता, आता.

ऊस एकदम मागं सरला. उजेड आला. खाली बुटकं, गर्द हिरवं, आणि गाडीची सावली त्याच्यावरून पळत होती. मग परत उसाची भिंत. संपलं.

आई मला दिसली नाही.

खांब आडवा आला असेल. डोळ्यांतल्या पाण्यानं दिसलं नसेल. हिरव्यात हिरवं लुगडं, म्हटलंच होतं मी. सांगलीपर्यंत मी दारातच उभी होते आणि स्वतःला शिव्या देत होते. सात वर्षं बघायची सोय होती तेव्हा रुमाल टाकत बसलीस, आणि आज बघायचं तर डोळे पुसता आले नाहीत. काय सांगायचं आता तिला? आण्णा खोटं बोलत होते, असं? गाडीतून काही दिसत नाही, तू आयुष्यभर उन्हात उगाच उभी राहिलीस, असं सांगू?

शाळेत पोचल्यावर फोन लावला. आईनं पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचलीस?"

"पोचले. आणि अगं, दिसलीस तू! चांगली दिसलीस. काठी धरून उभी होतीस." तोंडाला येईल ते मी बोलत गेले.

मला वाटलं, फोन कट झाला.

"आई?"

"मी न्हवतेच तिथं," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"त्या लाइनीच्या लोकांनी चर खणलाय बांधाकडंनं. मला वलांडवंना. बांधावरच बसले. उसाच्या आड. गाडीचा नुसता आवाज ऐकला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसात शिपाई चहा घेऊन आला होता, त्याला मी हातानंच बाहेर काढलं. आणि फोनमधून आईचं हसू ऐकू आलं. आधी बारीक, मग मोठं. खोकला लागेपर्यंत हसली.

"तू त्यांचीच लेक गं बाई. एका साली काय झालं, हे निघाले आन् मी विळा घेतला, तर गोठ्यात म्हस व्यायला लागली. रेडकू पायाळू, आधी पाय. घरात एक गडी न्हाई, सगळे टेशनात. म्हस सोडून जाऊ कशी? गाडीची शिट्टी झाली तवा माझे दोन्ही हात रेडकाला धरलेले. लय रडले मी, म्हशीबरूबर. आन् पुढल्या साली हे आले, आन् पहिल्या दिवशी म्हणाले, गेल्या साली दिसलीस गं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? व्हय म्हटलं. म्हशीचं त्यांना मी कवाच सांगितलं न्हाई. पण तवापास्नं मनात एक खडा राहिला. एका साली खोटं, तर मग बाकीच्या सालांचं काय?"

आता मात्र मला खोटं बोलवेना. "आई, खरं सांगते. मला कुणी दिसलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, गाडी जोरात होती. पण पट्टी दिसली."

"कशी दिसली?"

"सगळीकडं ऊस, अगदी दाराला लागून. काही म्हणजे काही दिसत नाही. आणि आपलं रान आलं की ऊस मागं सरतो. एकदम मोकळं. गाडीतून सगळ्यात आधी तेच दिसतं. दुसरं कुणाचंच रान तसं नाही."

मागं कोंबडी ओरडत होती.

"हे पेन्शनीत आले तवा आबा न्हवते," ती हळूहळू म्हणाली. "सगळं ह्यांच्याच हातात होतं. एवढा ऊस केला, ईहीर केली. पर त्या आठ सऱ्यात कवा ऊस लावला न्हाई. मी म्हटलं बी एकदा, आता कशाला, लावा की ऊस. तर म्हणाले, राहू दे."

"मग?"

"मग काय. म्हस व्यायली त्या साली बी पट्टी मोकळीच होती की." तिचा आवाज फुटला. "ती दिसली म्हंजे मीच दिसले. खोटं न्हवते बोलले."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. भिंतीवर पोरांची उपस्थिती लिहिलेली, बाहेर प्रार्थनेची घंटा, आणि मुख्याध्यापकीण रडतेय. रडू दे. तिकडं आईही रडत होती, पण लवकर सावरली. तिला आयुष्यभराची सवय.

"ऐक," ती म्हणाली. "शुक्रवारी मशिनी येणार म्हणत्यात. गुरुवारी शेंगा काढायच्या. माझ्यानं आता वाकवत न्हाई. येतीस का?"

"शाळा आहे गं."

"बरं," आई म्हणाली. तिनं कधीच दुसऱ्यांदा विचारलं नाही कुणाला.

फोन ठेवला आणि मी रजेचा अर्ज घेतला. नाव लिहिलं, तारीख लिहिली. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. घरगुती अडचण, तब्येत, असं काहीतरी आपण लिहितो. मग मी नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं, भुईमूग काढणे. आणि सही केली.